पंधरा मिनिटांचा सूड

'गजनी' म्हटलं की आपल्याकडे आमीर खानच डोळ्यांपुढे येतो: डोक्यावरचा व्रण आणि अंगभर गोंदलेली अक्षरं. पण ही गोष्ट मुळात चेन्नईची. ए. आर. मुरुगदास यांचा तमिळ 'गजनी' २००५ साली आला, सूर्या आणि असिनला घेऊन. त्यांनीच तो पुढे मुंबईत आणून २५ डिसेंबर २००८ रोजी हिंदीत प्रदर्शित केला. ख्रिस्तोफर नोलनच्या 'मेमेन्टो'चं ऋण दोन्हींवर उघड दिसतं: फोटो, चिठ्ठ्या, गोंदण, आणि बायकोच्या किंवा प्रेयसीच्या खुन्याचा शोध.

तरीही मुरुगदास यांना निव्वळ नकलाकार म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. नोलन प्रसंग उलट्या क्रमाने दाखवतो, त्यामुळे प्रेक्षकही नायकाइतकाच चाचपडत राहतो. मुरुगदास नेमकं उलटं करतात. मोबाइल कंपनीचा मालक संजय रामस्वामी आपली खरी ओळख लपवून, मनोहर म्हणून कल्पनाच्या आयुष्यात येतो. जाहिरातींत छोटी-मोठी कामं करणारी ही बडबडी, परोपकारी मुलगी तो खरा कोण हे न कळताच मरते. ही सगळी हकिकत आपल्याला कळते ती संजयच्या डायऱ्यांतून, दुसरं कोणी त्या वाचत असताना. ज्याची ती आहे त्या संजयची स्मृती गेलेली, त्यामुळे त्यालाच ती आठवत नाही. त्याच्या वाट्याला उरतं फक्त छातीवर कोरलेलं वाक्य, कल्पनाचा खून झाला. म्हणजे प्रेम आपण लक्षात ठेवायचं आणि मारायचं त्याने!

दर पंधरा मिनिटांनी संजयची स्मृती पुसली जाण्याचं गणित मात्र सिनेमाचंच. अशा विस्मृतीला घड्याळ नसतं. लक्ष विचलित झालं की धागा तुटतो. अमेरिकेतल्या हेन्री मोलेसनचं तसं व्हायचं. अपस्माराच्या उपचारासाठी १९५३ साली त्याच्या मेंदूतला हिप्पोकॅम्पसचा बराचसा भाग काढला आणि नव्या घटना मनात रुजणंच थांबलं. आरशात बघून चांदणी गिरवायला मात्र तो सरावाने शिकला, आणि आपण शिकलो हे त्याला ठाऊकच नव्हतं. वडील वारल्याची चिठ्ठी तो पाकिटात बाळगायचा. २ डिसेंबर २००८ रोजी तो गेला, हिंदी 'गजनी' येण्याच्या जेमतेम तीन आठवडे आधी. त्याच्याबरोबर काम केलेल्यांनी त्याचं वर्णन सौम्य, सोशिक माणूस असंच केलं आहे. त्या चिठ्ठीपुढे सिनेमातली सगळी हाणामारी मला फिकी वाटते. ती कोणावर सूड उगवण्यासाठी लिहिलेली नव्हती.

म्हणूनच या सिनेमात मला सर्वांत भीषण वाटतो तो खलनायक संजयच्या घरात शिरतो तो प्रसंग. प्रदीप रावत यांनी दोन्ही भाषांत ही भूमिका केली. हातात सापडलेल्या माणसाला तो मारत नाही. फोटो नष्ट करतो, गोंदणाची अक्षरं ओळखू येणार नाहीत अशी करून टाकतो. जो शत्रू आपल्याला ओळखणारच नाही, त्याला मारायचं कशाला, हा त्याचा हिशेब. कल्पनाचा जीव त्याने एकदा घेतलेलाच असतो. इथे तो ती कधी होती याची शेवटची खूणही पुसायला निघालेला असतो, आणि संजयला त्याचा पत्ताही नसतो.