वहिवाट तुमची, मालकी आमची!

शाळेच्या पुस्तकात अमेरिकेचा इतिहास आम्ही घोकला. बोस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकल्या, १७७६ ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा निघाला, वॉशिंग्टन पहिला अध्यक्ष झाला. पेपरात मार्क मिळाले. पण हे सगळं ज्या जमिनीवर घडलं ती कोणाची होती? तिथंही आदिवासी होते. कोलंबस वाट चुकला आणि हिंदुस्थानला पोचलो असं समजला, म्हणून त्यांना नावसुद्धा 'इंडियन' पडलं.

खरी गोष्ट १७६३ पासून बघा. इंग्लंडच्या राजाने हुकूम काढला, अ‍ॅपलेशियन डोंगराच्या पलीकडे पश्चिमेला गोऱ्यांनी वस्ती करायची नाही. राजाला इंडियनांचा कळवळा नव्हता, लढायांचा खर्च परवडत नव्हता. तरी गोरे चिडले. खुद्द वॉशिंग्टनचा त्या जमिनीवर डोळा होता! चहावरच्या कराचं सगळे सांगतात, या रागाचं कोण सांगतं? जाहीरनाम्यात वर लिहिलं, सगळी माणसं समान. त्याच कागदात खाली इंडियनांना निर्दय रानटी म्हटलं. १७८३ ला इंग्लंडने तह करून मिसिसिपी नदीपर्यंतचा मुलूख नव्या सरकारला दिला. तहात इंडियनांचं नावसुद्धा नाही.

मग १८२३ ला सुप्रीम कोर्टाचा न्यायमूर्ती मार्शल म्हणाला, इंडियनांची फक्त वहिवाट. मालकी ज्या गोऱ्या राजाने मुलूख 'शोधला' त्याची, आणि त्याच्यामागून आता सरकारची. खटला गोऱ्यागोऱ्यांतला, इंडियन त्यात पक्षकारच नव्हते. हे वाचताना आम्हाला फॉरेस्टचा गार्ड आठवला. "कसता तुम्ही, पण जमीन फॉरेस्टची." आपल्याकडे इंग्रजाने १८७८ च्या जंगल कायद्यात हेच केलं. राखीव जंगल सरकारचं, आणि आपला पिढीजात हक्क म्हणजे साहेबाने दिलेली सवलत. सवलत कधीही काढून घेता येते.

आपल्यातलेच काही म्हणतात, आपण अडाणी म्हणून हे हाल, सुधारलो की सरकार ऐकेल. मग चेरोकी लोकांचं काय झालं ते ऐका. सिक्वोया नावाच्या चेरोकीला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण त्याने १८२१ पर्यंत आपल्या भाषेची लिपी बनवली. १८२७ ला त्यांनी राज्यघटना केली, १८२८ ला स्वतःच्या लिपीत छापील वर्तमानपत्र काढलं. (आपलं पत्रक अजून स्टेन्सिलवरच निघतं.) तेवढ्यात त्यांच्या मुलखात सोनं सापडलं. १८३० ला अध्यक्ष जॅक्सनने हटाव कायद्यावर सही केली, मिसिसिपीपलीकडे जा म्हणून. जॉर्जिया सरकारने त्यांची शेतं तुकडे पाडून लॉटरीत गोऱ्यांना वाटली. १८३२ ला सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की जॉर्जियाचा कायदा चेरोकींच्या मुलखात चालत नाही. जिंकले! पण तो निकाल अमलात आणायला कोणी आलं नाही.

मग कागद आला. १८३५ च्या डिसेंबरात न्यू एकोटा इथं मूठभर चेरोकींनी सगळी जमीन ५० लाख डॉलरला सोडल्याच्या तहावर सह्या केल्या. लोकांचा निवडलेला प्रमुख जॉन रॉस त्यात नव्हता. सही करणाऱ्यांत त्या वर्तमानपत्राचा पहिला संपादक होता. चांगला शिकलेला. त्याचं म्हणणं, नाहीतरी हे घेणारच, मग तह केलेला बरा. आम्ही शिकलेल्या पोरांनी हे दोनदा वाचावं. विरोधाच्या अर्जावर पंधरा हजारांच्या वर सह्या गेल्या, तरी सीनेटमध्ये तह एका मताने पास झाला. १८३८ ला सैनिकांनी लोकांना घरातून ओढून छावण्यांत कोंडलं, आणि बहुतेकांना ऐन थंडीत पश्चिमेला चालवत नेलं. सुमारे सोळा हजारांतले चार हजार मेले असं मानतात.

सध्या आपल्या पाड्यांवरही एकेकाला बाजूला बोलावून 'दुसरीकडे प्लॉट देतो' म्हणत अंगठे मागताहेत. तसा कागद आला तर तो संघटनेच्या बैठकीत आणा. सगळ्यांपुढे वाचून होईपर्यंत कोणी अंगठा देऊ नये, आणि ज्यांनी दिलाय त्यांनी न घाबरता येऊन सांगावं.