माईकच्या पेटीतली घरघर

आमच्या शेजारच्या खोलीतला एक तरुण दिवसा कारखान्यात राबतो आणि रात्री सोल्डरगन घेऊन बसतो. बहिणीला गाण्याचा नाद. तिच्या सरावासाठी त्याने लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून माईकचा प्रीअँप्लिफायर तयार केला. पेटी चालू केली, तर गाण्याआधी घरघरच ऐकू आली! त्याने आयसी दोनदा बदलली, कंडेन्सर बदलले. ओव्हरटाइमचे पैसे त्यात गेले. शेवटी कुणाच्या तरी सांगण्यावरून त्याने तीन पिनांच्या प्लगातली अर्थिंगची वायर तोडली. घरघर थांबली! आनंदाने तो आम्हाला बोलवायला आला. आम्ही आधी प्लग काढायला लावला.

वाचकहो, अर्थिंग तोडून घरघर थांबविणे म्हणजे जिवाशी खेळ होय. ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन उद्या जळाले, तर २३० व्होल्ट पेटीच्या पत्र्यावर येतील आणि शिल्डच्या वायरीतून माईकच्या धातूपर्यंत पोहोचतील. अर्थिंग असेल तर फ्यूज उडेल. नसेल तर करंट जाईल तो गाणाऱ्या मुलीच्या हातातून.

मग घरघर काढावी कशी? भाग बदलत बसू नका. ती कोठून येते ते आधी शोधा. माईकमधून येणारा सिग्नल अवघा काही मिलिव्होल्टचा असतो. तो शेकडो पट वाढवताना सोबत शिरलेला आवाजही तेवढाच वाढतो.

पहिली परीक्षा: माईक काढून इनपुटची दोन टोके एकमेकांना जोडा. आवाज गेला, तर दोष माईक, त्याची वायर किंवा शिल्डच्या सुटलेल्या डागात आहे. आवाज राहिला, तर दोष पेटीत, नाहीतर पुढच्या जोडणीत.

दुसरी परीक्षा: प्लग काढा, पॉवर सप्लाय सोडवा आणि ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्यांवर सर्किट चालवा. आता शांत झाले, तर दोष सप्लायचा किंवा अर्थिंगच्या जोडणीचा. १०० हर्ट्झची कर्कश गुणगुण असेल तर रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कंडेन्सर तपासा. ५० हर्ट्झची जाड घूं असेल तर ट्रान्सफॉर्मर इनपुटच्या फार जवळ आहे, किंवा ग्राउंड दोन ठिकाणी जोडला गेला आहे.

आमच्या तरुणाचे असेच झाले होते. जॅकचे धातूचे अंग पत्र्याला टेकत होते आणि ग्राउंडची वायरही दुसरीकडे पत्र्याला जोडलेली होती. आम्ही जॅकखाली प्लॅस्टिकचे वॉशर घातले, सर्व ग्राउंड एका ठिकाणी आणले आणि तेथूनच पत्र्याला जोडले. प्रीअँप्लिफायर आणि अँप्लिफायर एकाच बोर्डावर लावले. तोडलेली अर्थिंग पुन्हा जोडली. घरघर तरीही गेलीच! एखाद्या ठिकाणी उरली, तर दोन पेट्यांच्या मध्ये ऑडिओचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घालता येतो.

आता शिट्टीबद्दल. माईक स्पीकरपासून दूर नेला की थांबते ती शिट्टी सर्किटची नव्हे. माईक काढूनही राहिली, किंवा आवाज फाटतो, आयसी नेहमीपेक्षा गरम होते, हात जवळ नेला की आवाज बदलतो, तर सर्किट स्वतःच कंप पावत आहे असे समजा. आयसीच्या सप्लायच्या पिनांजवळ, अगदी चिकटून, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कंडेन्सर ग्राउंडला लावा. एनई५५३२ मध्ये त्या पिना ८ आणि ४. आउटपुटला १०० ओहमचा रेझिस्टन्स मालिकेत घाला, आणि इनपुट व आउटपुटच्या वायरी दूर ठेवा. आमच्या तरुणाच्या सर्किटात हे छोटे कंडेन्सर नव्हतेच!

राहता राहिली बारीक सूं. ती पूर्ण जात नाही. प्रत्येक रेझिस्टन्स उष्णतेमुळे आवाज करतो, हे जॉन्सन आणि नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखवून दिले. म्हणून इनपुटला मोठे रेझिस्टन्स घालू नका.

त्या रात्री बहीण गायली. स्वर स्वच्छ आला. आता पुढच्या पगारात त्याने नव्या आयसीऐवजी एक चांगला टेस्टर घ्यावा, एवढेच आमचे सांगणे.