अधोलोकाचा नकाशा

नकाशांच्या सॉफ्टवेअरविषयी जे संशय मराठीत व्यक्त होतात, त्यांची भाषा बहुधा चोरीची असते. कोणी तरी आपली माहिती पळवतो आहे, इतकेच त्यांचे म्हणणे. आम्हांस ही भाषा अपुरी वाटते. येथे प्रश्न लपण्याच्या जागेचा आहे, आणि बायबलमधील ईयोबाने तो फार पूर्वी मांडून ठेवला आहे.

चाकणचेच पाहा. पाळी सुटली की तळेगाव चौकात पुणे-नाशिक महामार्ग तुंबतो आणि गूगलच्या नकाशावर तेथे लाल रेघ उमटते. ती रेघ कोंडीत अडकलेल्यांच्या खिशांतले फोन काढतात. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी येथील भाड्याच्या खोलीकडे परतणारा कंत्राटी कामगार असा नकळत नकाशाचा सहलेखक होतो. (मानधन नाही, नावही नाही, साहित्यव्यवहारास हे अगदीच अपरिचित नसावे.) रेघेत त्याची ओळख पुसलेली असते, असे कंपनी सांगते. परंतु स्थाननोंद बंद केल्यावरही दुसऱ्या एका सेटिंगमधून ती साठत राहते, हे २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने उघड केले. त्या प्रकरणी २०२२ साली गूगलने अमेरिकेतील ४० राज्यांना ३९ कोटी १५ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. संशय निराधार नव्हता.

आता ईयोबाकडे येऊ. हिब्रू बायबलातला 'शिओल' म्हणजे नरक नव्हे. तेथे सज्जन-दुर्जन सारेच जातात; मुलाच्या शोकात याकोबही तेथेच उतरण्याची भाषा करतो. मराठी बायबलात त्यासाठी 'अधोलोक' हा शब्द आहे आणि 'नरक' हा शब्द वेगळा राखला आहे, हा विवेक दाद देण्याजोगा आहे. नरकासाठीचा मूळ शब्द 'गेहेन्ना' यरुशलेमजवळच्या एका खऱ्या दरीवरून आला. ती आजही नकाशावर सापडते. शिओल मात्र कोणत्याच नकाशावर नाही.

तेथेही ईश्वराची नजर पोहोचते, असे १३९ वे स्तोत्र सांगते, आणि तो दिलासा आहे. आमोसाच्या ग्रंथात हीच गोष्ट धमकी होते: अधोलोकापर्यंत खणून गेलात तरी हात तेथून ओढून काढील. ईयोब चौदाव्या अध्यायात तिसरेच काही मागतो. कोप ओसरेपर्यंत मला अधोलोकात दडव, मुदत ठरव, आणि मग माझी आठवण कर. खाजगीपणाची याहून नेमकी व्याख्या आमच्या वाचनात नाही. त्याला कायमचे नाहीसे व्हायचे नाही. काही काळ दिसू नये, एवढेच त्याचे मागणे. शिवाय ज्याच्या नजरेविरुद्ध तक्रार, त्याच्याशीच तो 'तू' म्हणून भांडू शकतो. चाकणच्या कामगाराने 'तू' कोणास म्हणावे?

१६६० मध्ये शाइस्ताखानाच्या फौजेने संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्यांनी किल्ला जवळजवळ दोन महिने लढवला. शेवटी बुरुज उडाला तो जमिनीखालून नेलेल्या सुरुंगाने. तटावरचा माणूस चारी दिशांना दिसत होता, खणणारा दिसत नव्हता. आजही भूमिगत राहण्याची सोय पाहणाऱ्यालाच आहे.

८ जुलै २०२४ रोजी फ्रँक वायटस प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जामिनाची एक अट रद्द केली. आरोपीने गूगल मॅप्सवर पिन टाकून आपला ठावठिकाणा तपास अधिकाऱ्यास दाखवावा, अशी ती होती. पोलिसांना आरोपीच्या खाजगी जीवनात सतत डोकावू देणारी अट चालणार नाही, असे न्या. अभय ओक व न्या. उज्जल भुयान यांनी ठरवले. आरोपीला हे संरक्षण मिळाले, याचा आम्हांस आनंद आहे. कारखान्याच्या फाटकाशी फोनमधील स्थानावरून हजेरी देणाऱ्याचे काय? २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमात, नोकरीच्या कारणासाठी माहिती वापरताना मालकाने संमती घेण्याची गरज ठेवलेली नाही.