मजुरी कोणाची, आकारणी कोणाची?

मोटार दुरुस्त होऊन आली की मध्यमवर्गीय मालकाचा सारा राग बिलातील 'मजुरी' या एका शब्दावर निघतो. सुट्या भागांची किंमत छापील असते, म्हणून ती तो मुकाट्याने मोजतो. मजुरीचा आकडा मात्र मेस्त्रीने मनाने लावलेला आहे असे त्यास वाटते. छापील किंमत न्याय्यच असते, असा नियम अर्थशास्त्रात कोठेही नाही.

क्लचप्लेट बदलण्याचेच उदाहरण घ्यावे. प्लेट दोन हातांत सहज मावते. परंतु तिच्यापर्यंत पोचण्यासाठी, पुढची चाके ओढणाऱ्या मोटारीत, ॲक्सल मोकळे करून गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो आणि काम झाल्यावर पुन्हा चढवावा लागतो. एवढ्याशा वस्तूला एवढी मजुरी, हा आक्षेप वस्तूच्या आकारावरून श्रम मोजणाऱ्याचा आहे. आवाज ऐकून दहा मिनिटांत दोष ओळखणाऱ्यास दहा मिनिटांचेच पैसे द्यावेत, हा युक्तिवादही त्याच जातीचा. कुशल श्रम हा साध्या श्रमाचा गुणाकार होय, हे मार्क्सने १८६७ मध्ये मांडले. डॉक्टरची फी देताना हे तत्त्व मालकाला कोणी शिकवावे लागत नाही. तेलकट हातांपुढेच त्याला त्याचा विसर पडतो.

म्हणून प्रत्येक आकारणी रास्त असते काय? मुळीच नाही. कंपन्यांच्या अधिकृत सेवाकेंद्रांत मजुरी सामान्यतः घड्याळाप्रमाणे नव्हे, तर प्रत्येक कामास आधीच ठरवून दिलेल्या तासांप्रमाणे लावली जाते. चार तासांचे काम तीन तासांत उरकले तरी बिल चारांचेच. या पद्धतीत गैर काही नाही. कारण कुशल कारागिराच्या वेगाचा दंड त्यालाच का व्हावा? प्रश्न असा, की वाचलेला तास कोणाच्या खिशात जातो. शिवाय टायमिंग बेल्टसाठी इंजिनाची पुढची बाजू उघडलेलीच असताना त्याच्यामागच्या वॉटर पंपासाठी उघडझाकीची मजुरी पुन्हा लावणे, ही सरळ लबाडी आहे.

समजा, ताशी ८०० रुपये दराने चार तासांचे ३,२०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर, म्हणजे ५७६ रुपये. काम करणाऱ्या मेकॅनिकला महिना १८ हजार वेतन धरले, तर २६ दिवसांच्या २०८ तासांस ताशी सुमारे ८७ रुपये पडतात. चार तासांचे झाले सुमारे ३४८! ज्याच्या नावाने 'मजुरी' वसूल होते, त्याच्या वाट्याला सरकारी करापेक्षाही कमी. उरलेल्यातून जागेचे भाडे, लिफ्ट, स्कॅनर, रिकामे गेलेले तास आणि हाताखालच्या पोऱ्याचा पगार भागतो, हे मान्य. तरीही या रकमेस मजुरी म्हणणे ही भाषेची फसवणूकच आहे.

आता रस्त्याकडेच्या गॅरेजकडे पाहावे. तो मेस्त्री स्वस्तात काम करतो, पण नव्या गाड्यांचे काम त्याच्या हातून निसटत चालले आहे, आणि ते त्याच्या अडाणीपणामुळे नव्हे. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो नेमका याच कारणासाठी. मूळ सुटे भाग, दुरुस्तीच्या पुस्तिका व दोष शोधण्याची उपकरणे स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांच्या हाती लागू दिली जात नव्हती. पुढे अपिले झाली. केंद्र शासनाने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले. संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे. तुलनेला दुसरे दुकानच उरले नाही, तर मजुरी रास्त की अवाजवी हे ग्राहकाने कशावरून ठरवावे?

वातानुकूलित दालनात कॉफी पीत, न मागितलेल्या इंजिन-सफाईच्या रकमेवर सही करणारा गृहस्थ परतताना कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याशी वीस रुपयांसाठी हुज्जत घालतो. ती हुज्जत त्याने काउंटरवर घालावी. कामापूर्वी लेखी अंदाज मागावा, बिलात तास व दर वेगवेगळे दाखवावयास लावावेत, बदललेला जुना भाग परत मागावा. आणि प्रत्यक्ष पाना फिरवणाऱ्याला ताशी काय मिळते, हेही एकदा मोठ्याने विचारावे.