सेकंड बेसवर बेस्ट कोण?

कट्ट्यावर ‘सचिन की विराट’ सुरू झालं की चहा गार होतो, पण वाद काही मिटत नाही. अमेरिकेतल्या बेसबॉलप्रेमींचाही असाच एक लाडका वाद आहे : इतिहासातला सगळ्यात भारी सेकंड बेसमन कोण? ७ डिसेंबर २०२५ ला जेफ केंट या सेकंड बेसमनची हॉल ऑफ फेमसाठी निवड झाली आणि हा वाद पुन्हा तापला. तुम्ही बेसबॉल बघत नसाल, तरी लगेच पान उलटू नका. कुठला आकडा मोजायचा आणि कुठला सोडायचा, हे कोण ठरवतं, हा प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे.

आधी थोडं मैदान समजून घेऊ. सेकंड बेसमन पहिल्या आणि दुसऱ्या बेसच्या मधल्या पट्ट्यात उभा असतो. समोरून रनर घसरत पायावर येतोय, तेवढ्यात सहकाऱ्याने फेकलेला चेंडू पकडायचा, बेसला पाय लावायचा आणि वळून तो फर्स्ट बेसकडे फेकायचा. एका चेंडूवर दोघे आउट, हाच डबल प्ले. काम चपळाईचं आणि जोखमीचं. त्यामुळे या जागेवरच्या खेळाडूकडून षटकारबाजीची फार अपेक्षा नसायची. होम रन मारायला बाकीचे आहेत ना!

केंटने नेमकं तेच मोडलं. कारकिर्दीत ३७७ होम रन, त्यातले ३५१ सेकंड बेसमन म्हणून खेळताना. या जागेवरचा हा विक्रम आहे. २००० मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडूही ठरला. तरीही पत्रकारांच्या मतदानात तो दहा वर्षं अडकून पडला. हॉल ऑफ फेमला ७५ टक्के मतं लागतात. २०२३ च्या शेवटच्या संधीत त्याला मिळाली ४६.५ टक्के. आता १६ जणांच्या समितीत १४ मतं मिळाली आणि दार उघडलं.

मग प्रॉब्लेम काय? प्रॉब्लेमचं नाव आहे लू व्हिटेकर. डेट्रॉइट टायगर्सकडून १९ सीझन खेळलेला हा सेकंड बेसमन २००१ मध्ये पत्रकारांच्या यादीत आला, २.९ टक्के मतं मिळाली आणि पाच टक्क्यांच्या नियमामुळे पहिल्याच वर्षी बाहेर फेकला गेला. पुढे आकडेशास्त्र बदललं. ‘वॉर’ नावाचं एक मोजमाप आलं. एखाद्या सर्वसाधारण बदली खेळाडूच्या तुलनेत या खेळाडूमुळे टीमने किती सामने जास्त जिंकले, याचा तो अंदाज. त्यात बॅटिंग, फिल्डिंग, धावणं, सगळंच धरतात. ‘बेसबॉल रेफरन्स’ या संकेतस्थळाच्या हिशेबात व्हिटेकरचा वॉर सुमारे ७५ आहे आणि केंटचा सुमारे ५५. ज्या समितीने केंटला निवडलं, तिच्यासमोर आठ नावं होती. त्यात व्हिटेकर नव्हताच. होम रन सगळ्यांना दिसतात. १९ वर्षं रोज नीट केलेलं काम दिसायला हिशेब मांडावा लागतो.

बरं, मग वॉरची यादी काढून वाद मिटवायचा का? वरती नाव येतं रॉजर्स हॉर्न्सबीचं. १९२४ मधली त्याची सरासरी .४२४, म्हणजे मोजल्या जाणाऱ्या दर १०० प्रयत्नांत ४२ हिट. कारकिर्दीची सरासरी .३५८. त्याच्या पाठोपाठ एडी कॉलिन्स, ३,३१५ हिट. आकडे बघून डोळे फिरतात. पण हे दोघे ज्या लीगमध्ये खेळले, तिथे कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेशच नव्हता. त्यांच्या वेगळ्या लीग होत्या. १९२० ते १९४८ या काळातल्या अशा सात लीगचे आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत सामावले गेले ते थेट मे २०२४ मध्ये. त्यानंतर सरासरीच्या यादीत जॉश गिब्सन .३७२ सह पहिल्या जागेवर आला. हॉर्न्सबीने एकही हिट गमावली नाही, तरी तो खाली सरकला.

जॅकी रॉबिन्सनचंही तेच. १५ एप्रिल १९४७ ला त्याने ही वर्णबंदी मोडली, तेव्हा तो २८ वर्षांचा होता. पुढच्या वर्षी तो सेकंड बेसवर आला आणि १९४९ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. मेजर लीगमध्ये त्याला मिळाले फक्त १० सीझन. ‘एकूण किती?’ या कसोटीवर तो मागे पडणारच. ती कसोटी त्याला कशी लावायची, तुम्हीच सांगा.

म्हणून माझं मत जो मॉर्गनला. सरासरी फक्त .२७१, ऐकून तुम्ही नाक मुरडाल. पण त्याने १,८६५ वॉक मिळवले. बाहेरच्या चार चेंडूंना हात न लावता सोडलं की बॅटर फुकटात फर्स्ट बेसवर जातो, तो वॉक. सरासरीत याची नोंदच होत नाही. टीमला मात्र माणूस बेसवर मिळतो. शिवाय ६८९ स्टील, २६८ होम रन आणि सलग पाच गोल्ड ग्लव्ह. १९७५ आणि १९७६, दोन्ही वर्षी तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू आणि दोन्ही वर्षी त्याची सिनसिनाटी रेड्स चॅम्पियन. आणि हे सगळं वर्णबंदी उठल्यानंतर, खुल्या स्पर्धेत. गंमत म्हणजे कॉमेंटेटर झाल्यावर हाच मॉर्गन नव्या आकडेशास्त्राला नाकं मुरडायचा. त्याची खरी किंमत दाखवून दिली ती त्याच आकडेवाल्यांनी!

जानेवारी २०२६ मध्ये पत्रकारांच्या मतदानाचा निकाल होता. त्या यादीत फिलाडेल्फियाचा सेकंड बेसमन चेस अटली होता. हिट फक्त १,८८५, पण वॉर केंटपेक्षा जास्त. २०२५ मध्ये त्याला ३९.८ टक्के मतं होती. त्याची टक्केवारी किती वाढते, यावर लक्ष ठेवा. पत्रकार आता काय मोजायला लागलेत, ते त्यावरून कळेल. आणि व्हिटेकरचं नाव पुन्हा एखाद्या यादीत येतं का, तेही बघा. डिसेंबर २०२५ मध्ये तो ६८ वर्षांचा होता.