उपद्रव कोणाचा?

रानपाखरांच्या वसतिस्थानांना माणसाचा उपद्रव होता कामा नये, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. परंतु उपद्रव करणारा माणूस कोणता, या प्रश्नाला बगल देऊन केलेले निसर्गरक्षण अखेर पाखरांच्याही कामी येत नाही. दिल्लीच्या राजधानी प्रदेशातील दोन पाणथळांचा इतिहास हेच सांगतो.

२०१३ पासून या प्रदेशात मोडणाऱ्या भरतपूर जिल्ह्यातील केवलादेव हे संस्थानी काळात राजेरजवाड्यांच्या शिकारीचे रान होते. १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगोच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पाखरे मारली गेली. तो आकडा तेथील शिळेवर कोरलेला आहे. पुढे येथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि नोव्हेंबर १९८२ मध्ये आसपासच्या खेड्यांतील गुरांना चराईबंदी झाली. पिढ्यानुपिढ्या म्हशी चारणाऱ्या गावकऱ्यांनी विरोध करताच पोलिसांनी गोळीबार केला व त्यात गावकऱ्यांचे बळी गेले.

परिणाम काय झाला? म्हशी खात असत ते पाणगवत मोकाट वाढले आणि बदकांना हवा असलेला उघडा जलाशय त्याखाली झाकला जाऊ लागला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी १९८० ते १९९० या दहा वर्षांच्या अभ्यासाअंती, चराईबंदीने पाणपक्ष्यांच्या वसतिस्थानाची हानीच झाली, असा निष्कर्ष काढला. गुराख्याला शत्रू ठरविणारे धोरण विज्ञानाच्या कसोटीवरही टिकले नाही.

आता ओखला पाहा. यमुनेच्या बंधाऱ्यालगतचे हे सुमारे चार चौरस किलोमीटरचे पाणथळ १९९० साली पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाले. नोएडातील इमारती त्याच्या काठापर्यंत भिडल्या, तेव्हा २०१३ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दहा किलोमीटरच्या परिसरातील बांधकामांवर निर्बंध घातले. ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्र सरकारने संवेदनशील क्षेत्राची मर्यादा ठरविली: उत्तरेस १.२७ किलोमीटर, उरलेल्या तिन्ही बाजूंना अवघे शंभर मीटर! आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या मध्यमवर्गीयांची अडचण खरी होती. पण त्यांना पुढे करून मोकळे झाले ते बिल्डरच.

म्हशींसाठी बंदूक आणि काँक्रीटसाठी सवलत, हा योगायोग नव्हे. सत्ताधारी वर्गाच्या राज्ययंत्रणेला गरिबाचे ढोर दिसते, भांडवलदाराची इमारत दिसत नाही.

याचा अर्थ चराई वा मासेमारी अनिर्बंध असावी, असा मुळीच नाही. विणीच्या हंगामात निर्बंध हवेतच. मात्र ते स्थानिक गुराखी, शेतकरी व मच्छीमार यांच्या सहभागाने ठरावेत. २००६ च्या वनाधिकार कायद्याने मान्य केलेले हक्क पाळले जावेत. आणि संवेदनशील क्षेत्राची सीमा पाण्याचा प्रवाह व पाखरांची गरज पाहून आखली जावी. पाखरांचे तळे आणि कष्टकऱ्यांचे कुरण यांवर घाला घालणारे हात बहुधा एकच असतात. ते ओळखून या दोन्ही लढ्यांची सांगड घालणे, हे लोकशाही चळवळीचे कर्तव्य आहे.