निवळीचे नाव घेऊन पाणी निवळत नाही

मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, देसाईगंज. धानाच्या या पट्ट्यात जिथे राइस मिल, तिथे तुसाचा ढीग आलाच. 100 किलो धान भरडले की सुमारे 20 किलो तूस निघते. ते जाळले की 4 किलोच्या आसपास राख उरते आणि या राखेत 85 ते 95 टक्के सिलिका असते. राख सच्छिद्र असल्यामुळे पाण्यातील गढूळपणा आणि बरेचसे जिवाणू तिच्यात अडकून राहतात. पुण्याच्या टाटा संशोधन केंद्राने हे ओळखून तुसाच्या राखेची 'सुजल' ही गाळणी सिद्ध केली. 2004 च्या त्सुनामीनंतर ती आपद्ग्रस्तांच्या उपयोगी पडली. त्याच राखेला चांदीच्या अतिसूक्ष्म कणांची जोड देऊन 2009 च्या डिसेंबरमध्ये 'टाटा स्वच्छ' बाजारात आले. त्याला वीज लागत नव्हती आणि किंमत 1000 रुपयांच्या आत होती. ज्या झाडीपट्टीत हा कच्चा माल पायदळी तुडवला जातो, तेथील माणसाला मात्र ही राख उकिरड्याचीच धनी वाटते. दोष त्याचा नाही. त्याला हे सांगायला कोण गेले?

चंद्रपूरच्या पाण्याची कथा वेगळी सांगायला नको. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 मध्ये अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा 83.88 गुणांसह चंद्रपूर देशात चौथे आले. महाकालीच्या यात्रेला येणारा भाविक ज्या झरपटीला हात जोडतो, तिचे आणि इरईचे रूप आपण पाहतोच आहोत. पण नदीचा काळेपणा डोळ्यांना दिसतो तरी. फ्लोराइड दिसत नाही. वरोरा, राजुरा या तालुक्यांतील काही गावांत विंधनविहिरीचे पाणी काचेसारखे नितळ असते. ते पिऊन मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे उमटतात आणि पुढे सांधे व पाठीचा कणा आखडतो. एका लिटरमध्ये दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड नको, ही मर्यादा ठरून अनेक दशके झाली.

नुसत्या तुसाच्या राखेने फ्लोराइड जात नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे; अर्धवट माहितीने उत्साही मंडळी अधिक घोटाळा करतात. पण राखेवर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचा लेप चढवला तर ती फ्लोराइड धरते, असे दाखवणारा पुण्याच्याच संशोधकांचा निबंध 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर वापरण्याची 'नालगोंडा पद्धत' तर आपल्या नागपूरच्या 'नीरी'ने शोधली. तिच्यात रोजची मेहनत आहे, गाळाची विल्हेवाट आहे. म्हणूनच राखेचा पर्याय गावात आणून तपासायला हवा. नागपूर ते चंद्रपूर अंतर 150 किलोमीटर. विद्येला ते ओलांडायला किती वर्षे लागावीत? आमच्या कार्यालयांना मात्र पाणी शुद्ध करणे म्हणजे निविदा काढणे आणि आर. ओ. यंत्राची फीत कापणे एवढेच सुचते. पडदा फाटला, वीज गेली, की यंत्राला कुलूप आणि बाई पुन्हा हापशीवर.

दुसरी राख औष्णिक केंद्राची. आपल्या कोळशात 30 ते 45 टक्के राख असते. म्हणजे तीन गाड्या कोळसा आला की एक गाडी राखच आली म्हणायची. चंद्रपूरच्या केंद्राची क्षमता 2920 मेगावॉट. या राखेवर क्षाराची प्रक्रिया करून झिओलाइट बनवता येते आणि ते सांडपाण्यातील जड धातू शोषते, हे प्रयोगशाळांनी वारंवार सिद्ध केले आहे. केंद्र सरकारच्या 31 डिसेंबर 2021 च्या अधिसूचनेने राखेचा शंभर टक्के वापर बंधनकारक केला आणि पडून राहिलेल्या राखेवर टनामागे 1000 रुपये भरपाई लावली. पण खड्डे भरले की 'वापर' झाला, असा हिशेब मांडला जात असेल तर तो जनतेने का मान्य करावा? कच्ची राख पाण्यात टाकणे हे तर उलट विषच, कारण तिच्यात स्वतःचेच आर्सेनिक आणि इतर धातू असतात.

आता थोडे आपल्याच मंडळींविषयी. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात कतक वृक्षाचा, म्हणजे निवळीचा, दाखला आहे. तिचे फळ पाणी स्वच्छ करते खरे. पण केवळ नाव उच्चारल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असे स्मृतिकार सांगतात. व्यासपीठावरून 'आमच्या पूर्वजांना सारे ठाऊक होते' म्हणून टाळ्या घेणाऱ्यांनी हा श्लोक जरूर वाचावा. पूर्वजांना ठाऊक होते. पण ते बी सहाणेवर उगाळून रांजणात घालीत होते. आपण काय उगाळतो? केवळ गौरव!

गडचिरोलीत सुरजागडचे लोहखनिज 2021 पासून पुन्हा निघू लागले, कोनसरीला कारखाना उभा राहिला. झरपटीचे जे झाले ते तिथल्या नदीनाल्यांचे होण्याआधीच हालचाल व्हावी. 2011 मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाने फ्लोराइडग्रस्त 10 गावे निवडावीत. तूस मिलवाल्यांनी द्यावे. ते बेताच्या आचेवर जाळावे, कारण फार तापवलेल्या राखेची धूळ फुफ्फुसाला घातक. 'नीरी'ने दरमहा पाणी तपासून आकडे चावडीवर लावावेत. फ्लोराइडने भरलेली जुनी राख पुन्हा नाल्यात जाणार नाही, याची लेखी जबाबदारी जिल्हा परिषदेने घ्यावी. गाळण्या चालवायला माणसे कोठून आणायची, हा प्रश्न कोणी विचारू नये. मेंढा (लेखा)ची ग्रामसभा आपल्या बांबूचा व्यवहार स्वतः सांभाळते. 10 गाळण्यांची राख बदलणे तिच्यासारख्या गावांना जड नाही.